रमण्याचं दार

मी वाचत होतो आणि मायाप्पा दाराच्या उंबऱ्यावर उकिडवा बसून ऐकत होता.

"‘...रमण्यातील शेवटची मोठी शिकार १९४१ साली झाली. त्या दिवशी दारावर मायाप्पा शेळके हा तरुण पहारेकरी होता. आत जनावरे खवळली होती, दारावर धडका बसत होत्या. तरीही हुकूम मिळेपर्यंत त्याने अडसर तसूभर हलू दिला नाही. त्याच्या निष्ठेवर प्रसन्न होऊन महाराजांनी त्याला चांदीचे कडे बहाल केले. आज वयाच्या सहासष्टाव्या वर्षीही मायाप्पा त्याच दारावर उभा आहे.’"

वाचून मी थांबलो. परिच्छेद मला आवडला होता. शेवटच्या वाक्यावर मी विशेष खूश होतो.

"काही चुकलंय का, मामा?"

"साल बरूबर हाय," मायाप्पा म्हणाला.

"आणि बाकीचं?"

त्याने चंची उघडली, सुपारीचं खांड काढलं आणि परत ठेवून दिलं. "हे छापायचं कदी?"

"आज. सहाला मजकूर छापखान्यात द्यायचाय. परवा पाडव्याला उद्घाटन. तुमचा सत्कार आहे ना त्या दिवशी, शाल-श्रीफळ. हे तेव्हा सगळ्यांना वाटायचंय."

"सगळ्यास्नी," तो म्हणाला.

ही गोष्ट १९८७ सालची. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि जिल्ह्याच्या दैनिकात बातमीदार होतो. निमगड संस्थानचा रमणा, म्हणजे राजघराण्याचं राखीव शिकारीचं रान, चाळीस वर्षं बेवारशी पडला होता. आता एका ट्रस्टने तिथं लोकांसाठी वनोद्यान केलं होतं. पायवाटा आखल्या होत्या, बाकं बसवली होती, तळ्याचा गाळ काढला होता. उद्यानाच्या इतिहासाची सोळा पानांची पुस्तिका लिहायचं काम संपादकांनी मला दिलं, कारण मी वेळेवर मजकूर देतो अशी माझी ख्याती होती. पंधरा पानं जुन्या गॅझेटातून आणि राजघराण्याच्या कागदांतून झाली. सोळाव्या पानावर जिवंत माणूस पाहिजे म्हणून मी मायाप्पाला घेतला होता. त्याची हकीकत मला ट्रस्टचे सचिव रणनवरे यांनी सांगितली होती. त्याला स्वतःला मी त्या दिवशी पहिल्यांदाच भेटत होतो, तेही मजकूर लिहून झाल्यावर.

"ते कडं आहे का अजून?" मी विचारलं. "कॅमेरा आणलाय. एक फोटो घेतो."

"हाय की. चला, दावतो."

तो उठला. आम्ही बसलो होतो ते दार म्हणजे रमण्याचं मुख्य फाटक नव्हे. रमण्याच्या पोटात, दोन टेकड्यांच्या मध्ये, दगडी भिंतींनी बांधून काढलेलं एक आवार होतं, त्याचं हे दार. हाकेकरी रान उठवत यायचे आणि जनावरं या आवारात शिरली की दार लागायचं. दारावरच्या कमानीच्या माथ्यावर चौथरा होता. पाहुण्यांनी तिथं बसून खाली बंदुका झाडायच्या. भिंती दोन पुरुष उंच, आतून तासून गुळगुळीत केलेल्या. गॅझेटात त्यांची लांबी-रुंदी होती आणि ती मी सहाव्या पानावर दिली होती.

मायाप्पाने सागवानी दाराची एक फळी ढकलली. "ह्या फळीला हाय. आतल्या अंगानं. खाली बगा, गुडघ्याएवड्या उंचीवर."

मी आत गेलो आणि वाकलो. खरंच, दाराच्या आतल्या बाजूला एक काळं पडलेलं कडं चार खिळ्यांनी ठोकलेलं होतं. चांदी कुठून कळावी, पार शेणासारखा रंग झाला होता. कॅमेऱ्याची पिशवी उघडतो तोच कमानीखालचा उजेड कमी झाला. फळी मिटली होती. बाहेर अडसर पडल्याचा आवाज मी ऐकला. तो मोठा नव्हता, पाटा जमिनीवर ठेवावा तसा होता.

"मामा?"

मी फळीवर थाप मारली.

"मामा, दार लागलं."

"लागलं न्हाई," तो बाहेरून म्हणाला. "लावलं."

आधी मला हसू आलं. म्हातारा चेष्टा करतोय असं वाटलं. "बरं, फोटो घेतो तोवर. उजेड कमी आहे पण. उघडा जरा."

"हुकूम न्हाई."

"कसला हुकूम?"

"तुमीच लिवलंय की. हुकूम मिळंपतोर अडसर हालला न्हाई."

मी घड्याळात पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं. छापखाना अठरा किलोमीटर लांब होता आणि माझी स्कूटर दाराबाहेर उभी होती. मी दाराला खांदा लावला. दाराने काही मनावर घेतलं नाही. मग मी आवारभर फिरलो. भिंतीत पाय ठेवायला खाच नव्हती. मधोमध एक वठलेली बाभूळ होती, तिचा भिंतीला हात लागत नव्हता. दगड तापले होते आणि चहूकडून झळ मारत होते. सावली एकाच ठिकाणी होती, दाराच्या कमानीखाली. फिरून फिरून मी तिथंच आलो.

"हे बघा, मामा," मी शक्य तितक्या शांत आवाजात म्हणालो, "माझ्यावर राग असेल तर सांगा. मजकूर आवडला नसेल तर काढून टाकतो."

"काडून टाकायला कुनी सांगितलं?"

"मग काय करू?"

"आयका. तुमी वाचलं, मी आयकलं. आता मी सांगतो."

दाराच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. तिच्यातून मला त्याच्या पागोट्याचा तांबडा रंग तेवढा दिसत होता. तो दाराला पाठ लावून बसला होता.

"हाक्याची रीत म्हाईत हाय तुमाला?"

"आठव्या पानावर दिली आहे. दोनशे हाकेकरी, ढोल, डबे..."

"दगडाचं दिलंय?"

"कुठल्या दगडाचं?"

"तितं दारापास्नं पन्नास पावलांवर चुना लावल्याला धोंडा हुता. जनावरं फुडं, मानसं मागं. मानसानी धोंड्यापतोर यायचं. धोंड्याच्या फुडं पाय टाकायचा न्हाई. जनावरं आत गेली की पैलं शिंग वाजायचं, मी दार लावायचं. दुसरं शिंग वाजलं की उगडायचं. दुसरं शिंग म्हाराजांची मर्जी हुईल तवा."

"समजलं."

"समजलं नसंल. आमचा बा माज्या आदी ह्याच दारावर हुता. एकदा दुसऱ्या शिंगाच्या आदी त्येनं दार उगडलं. आत हाकेकऱ्याचा कुत्रा कोंडला हुता, तो केकाटत हुता म्हनून. कुत्रा भाईर आला आन त्येच्यासंगं पाव्हन्याचं सांबर बी भाईर आलं. बाला काय केलं न्हाई. आमच्या वस्तीची चराई बंद केली. एक साल. रमन्याच्या गवतावर जगत हुती आमची मेंढरं. वस्तीत तीन-चारशे मेंढरं मेली. बाच्या संगं कुनी बोलंना. पान्यावर गेला तरी बाया घागर उचलून चालू लागायच्या. मरतुकड्या मेंढरासारका बसून बसून मेला तो. मंग दार माज्याकडं आलं."

मी रुमाल भिजवायला पाणी शोधलं. पाण्याची बाटली स्कूटरच्या डिकीत होती.

"पाणी द्याल का, मामा?"

"दाराखालनं तांब्या येत न्हाई." मग म्हणाला, "त्येनं तर मागितलं बी न्हाई. त्येनं पानी न्हाई मागितलं."

"कोणी?"

"धुळानं. धुळाप्पा. माजा थोरला भाव."

त्याचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. रणनवऱ्यांनी सांगितलेल्या हकीकतीत भाऊ नव्हता.

"धुळा हाक्यात हुता. रान उठवता उठवता त्येची एक मेंढी जनावरांच्या म्होरं पळाली. गाबन हुती. मेंढरू लई येडं सायेब, समदी पळाली की त्ये बी पळतंय, कोन पळतंय ते बगत न्हाई. सांबरं, डुकरं, भेकरं आन त्यात ही एक मेंढी. शिरली आत. दुसऱ्या कुनी सोडून दिली असती. धनगर गाबन मेंढी सोडंल व्हय? धुळा धोंडा वलांडून पळाला. मी डोळ्यानं बगितला. म्हटलं आत जाऊन मुंडकं धरून वडून आनंल, हाय काय आन न्हाई काय. त्यो आत गेला आन पैलं शिंग वाजलं."

"आणि तुम्ही..."

"दार लावलं. शिंग वाजलं की हात आपुआप जायाचा. अडसर पडला, मंग ध्यान आलं."

वरच्या चौथऱ्यावर एक होला घुमत होता. मी वर पाहिलं. मग मला एक गोष्ट दिसली, जी गॅझेटातल्या लांबी-रुंदीवरून दिसली नव्हती. चौथरा दाराच्या बरोबर वर होता. मी कमानीत उभा होतो. वर बसलेल्या माणसाला सगळं आवार दिसलं असतं, फक्त मी दिसलो नसतो.

"बंदुका सुरू झाल्या," मायाप्पा म्हणाला. "गोळी लागू ने म्हनून त्यो कमानीत आला. तुमी हुबा हाय तितं. आन दाराला तोंड लावून म्हनाला, माया, दार काड. वरडला न्हाई. घरात म्हनावं तसं म्हनाला. मी म्हटलं, थांब दादा, शिंग वाजंल आत्ता. त्यो म्हनाला, बरं."

"वर सांगायचं कुणाला तरी..."

"चौथऱ्याची शिडी पलीकडच्या अंगाला. जाऊन यायचं तर दार सोडायला लागतंय. आन बंदुकांच्या आवाजात कोन आयकतंय? परत म्हनाला, माया, दार काड. मी म्हटलं, आत्ता वाजंल. माजा हात अडसरावर हुता, सायेब. आदनासारका तापला हुता अडसर. धोंड्यामागं वस्ती हुबी हुती समदी. दोनशे मानूस. दारातनं काय म्हनतोय ते त्यास्नी आयकू येत नव्हतं, पर माजा हात दिसत हुता. समदी माज्या हाताकडं बगत हुती. बाची चराई कुनी इसरलं नव्हतं."

तो थांबला. बातमीदाराला कळतं, कुठं विचारायचं नसतं ते.

"सात येळा म्हनाला. मी मोजलं. सातव्या येळंला माया म्हनाला, दार म्हनाला न्हाई. एक डुक्कर जखमी झालं हुतं. त्येला बी भाईर पडायचं हुतं. त्ये दाराकडंच येनार की. दारावर धडका बसत हुत्या म्हनून लिवलंय तुमी. बसत हुत्या. डुकराच्या हुत्या आन धुळाच्या पाठीच्या हुत्या. मधी धुळा हुता."

घड्याळात तीन वाजून गेले होते. माझ्या सदऱ्याची पाठ दाराला चिकटली होती. ती मी सोडवून घेतली आणि दोन पावलं उन्हात सरकलो.

"दुसरं शिंग वाजलं. मी उगडलं. पैली भाईर आली ती मेंढी. तिला खरचटलं बी नव्हतं. दोन म्हैन्यानी याली." मायाप्पा खाकरला. "म्हाराज खाली आले. त्यास्नी कळलं आत मानूस हुता, आन तो दारवानाचाच भाव. तरी दार उगडलं न्हाई. त्येंच्या डोळ्यात पानी आलं. हातातलं कडं काडून माज्या हातात घातलं. दोनशे मानसांम्होरं. वस्तीनं टाळ्या वाजवल्या. माज्या आईनं बी वाजवल्या. तिला वाटलं चराई वाचली. वाचली बी."

"कडं तुम्ही ठोकलंत?"

"बाराव्याच्या दिशी. त्येचा हात जितं हुता तितं."

आता फटीतून मला तांबडा रंग दिसेना. तो उठून उभा राहिला होता.

"परवाच्या दिशी माज्या खांद्यावर शाल घालनार. तुमचं हे वाचनार. लोक टाळ्या वाजवनार. सायेब, सेहेचाळीस सालं मी हितं हाय. कुटं जाता आलं न्हाई. मी मेलो की सुटलो असतो. तुमी छापलं तर मी मेल्यावर बी हितंच हुबा. हात अडसरावर." त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "छापायचं तर धुळा छापा. न्हाई तर मला बी छापू नगा."

"लिहितो," मी म्हणालो. "शब्द देतो. आधी उघडा."

"लिवतो न्हवं. लिवा."

फटीतून कागद आत सरकला, माझाच मजकूर, जो उंबऱ्यावर राहिला होता. मी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं, मग मोठ्याने वाचलं. "‘त्याच दिवशी मायाप्पाचे बंधू धुळाप्पा हे आवारात अडकून मृत्यू पावले. नियमांमुळे दार उघडता आले नाही.’"

"आलं न्हाई असं न्हाई. हात हुता की. उगडलं न्हाई लिवा. कुनी ते बी लिवा."

मी खोडलं आणि लिहिलं. "‘धुळाप्पाने भावाला सात वेळा दार उघडायला सांगितले. मायाप्पाने दार उघडले नाही.’"

"आता बरूबर हाय," मायाप्पा म्हणाला. अडसर निघाला. उजेड एकदम अंगावर आला. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि माझ्या स्कूटरवरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली.

सव्वापाचला मी छापखान्यात पोचलो. रणनवरे आधीच येऊन बसले होते. त्यांनी सोळावं पान दोनदा वाचलं, चष्मा काढला.

"हे कुठून काढलंत?"

"मायाप्पाने सांगितलं."

"म्हातारपणी माणूस काहीही बोलतो. अहो, पाडव्याला युवराज येणार, बायका-मुलं येणार, डबे घेऊन येणार. त्यांना सांगायचं की तुम्ही बसलाय तिथं माणूस मेला? तुमचा पहिला मजकूर छान होता. तोच जाऊ द्या."

"तो जाणार नाही."

"म्हणजे?"

"तो खोटा आहे हे आता मला माहीत आहे. दोन्हींतला हा जाईल, नाही तर एकही नाही."

माझा आवाज ठाम होता. पण त्या वाक्यातच मी तडजोड करून टाकली होती आणि ते रणनवऱ्यांना माझ्याआधी कळलं. "मग एकही नको," ते लगेच म्हणाले. "सत्कारही नको. मिटलं. दस्तगीर, हा परिच्छेद उडवा."

छापखान्याचे दस्तगीरभाई अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता माझ्याकडे पाहत होते. मी भांडू शकलो असतो. संपादकांना फोन करू शकलो असतो, राजीनामा देऊ शकलो असतो. घड्याळात साडेपाच वाजले होते. मी खुर्चीत बसलो.

"आठ ओळींची जागा मोकळी पडते," दस्तगीरभाई म्हणाले. "काय टाकू? वेलबुट्टी?"

"उद्यानाचे नियम टाका," रणनवरे चहा पीत म्हणाले. "लिहा हो तुम्हीच, तुमचा हात चालतो."

आठ ओळी भरून देणं हे माझं रोजचं काम होतं. मी लिहिलं. फुले तोडू नयेत. तळ्यात उतरू नये. कागद टाकू नयेत. प्राण्यांना खाऊ घालू नये. चार ओळी झाल्या. उरलेल्या चार ओळींत मी एकच नियम लिहिला. रणनवऱ्यांनी पानावरून नजर फिरवली, "हं, नियम. चालेल," म्हणाले आणि सही केली.

पाडव्याला भाषणं झाली. मायाप्पा मांडवात आला नाही. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी पुस्तिका घेऊन त्याच्याकडे गेलो.

"वाचा," तो म्हणाला.

"तुमचं नाव नाही, मामा."

"आन धुळाचं?"

"नाही."

त्याने मान हलवली. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने पुस्तिका हातात घेतली, उलटीच धरली आणि पाहत राहिला. "मंग काय हाय हितं?"

मी शेवटचा नियम वाचून दाखवला. "‘सायंकाळी आवाराचे दार लावण्यापूर्वी पहारेकऱ्याने दारात उभे राहून, आत कोणी आहे का, अशी तीन वेळा मोठ्याने हाक द्यावी आणि शंभर आकडे मोजून मगच दार लावावे. आतून हाक आल्यास कोणाच्याही हुकमाची वाट न पाहता दार उघडावे.’"

त्याने पुस्तिकेवरच्या ओळींवरून बोट फिरवलं. मग त्याने विचारलं, "हुकमाची वाट न बगता?"

"हो."

"छापलंय?"

"छापलंय. सचिवांची सही आहे."

तो उठून दारात गेला. मला वाटलं हाक मारेल. पण मी तिथं असेपर्यंत त्याने हाक मारली नाही. काही वेळाने मी स्कूटर चालू केली.

पुढे माझी बदली झाली. मायाप्पा वारल्याचं चार वर्षांनी कळलं. आमच्याच अंकात दोन ओळी आल्या होत्या. रमण्यात मी परत गेलो नाही. कामं होती, असं मी स्वतःला सांगत असे.

गेल्या वर्षी निवृत्तीनंतर निमगडला एका लग्नाला गेलो तेव्हा रमण्यात गेलो. आवारात आता हिरवळ आहे. दुपारभर माणसं सतरंज्या टाकून बसली होती. सहा वाजायला आले तशी ती उठून गेली. मी दाराच्या आतल्या बाजूला वाकून पाहिलं. कडं जागेवर होतं. मग मी भिंतीपर्यंत चालत गेलो आणि तिथं उभा राहिलो.

दारात गणवेशातला एक तरुण पहारेकरी आला. त्याने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओरडला:

"धुळाप्पा! हायस का आत?"

भिंतींवरून आवाज फिरून आला. त्याने पुन्हा हाक दिली. "धुळाप्पा! हायस का?"

नंतर बाहेर पडताना मी त्याला विचारलं, हा धुळाप्पा कोण. त्याला माहीत नव्हतं. "रीतच हाय, सायेब," तो म्हणाला. "नियमात हाक मारायला सांगितलीय. नाव आदीच्या म्हाताऱ्यानं घालून दिलं म्हनत्यात. नाव घेतल्याबिगार अडसर टाकायचा न्हाई."

पण ते नंतर. तेव्हा तो दारात उभा होता आणि तिसरी हाक देत होता. हाक देऊन त्याने हात खाली घेतले. त्याचे ओठ हलत होते. आकडे मोजत होता. दार सताड उघडं होतं.

"आहे," मी आतून ओरडलो. "आलो."

"या सावकाश," तो म्हणाला. "दार उगडंच हाय."